अर्धविरामाने ठरणारा कॉल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जीएसएम मॉड्यूलला (सिम घालून मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या छोट्या सर्किटला) ‘एटीडी’ ही डायल करायची कमांड आणि पुढे नंबर पाठवला, तर बहुतेक वेळा ‘नो कॅरिअर’ एवढंच उत्तर येतं. रेंज असते, नंबरही बरोबर असतो; राहिलेला असतो तो शेवटचा अर्धविराम (;). तो दिला तरच व्हॉइस कॉल लागतो, नाहीतर मॉड्यूल डेटा कॉल लावायला जातं. या नियमाचं मूळ १९८१ सालात आहे.

त्या वर्षी अमेरिकेत डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी ३०० बॉडचा (सेकंदाला ३०० बिट्सचा) स्मार्टमोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटरचा डेटा पाठवणारं यंत्र, बाजारात आणला. कमांड आणि डेटा एकाच सिरियल तारेवरून जाणार, म्हणून प्रत्येक कमांड ‘एटी’ने सुरू करायची ठरली, एटी म्हणजे ‘अटेन्शन’. डेटा चालू असताना कमांड द्यायची तर ‘+++’, आणि त्याच्या आधी-नंतर सेकंदभर काहीच पाठवायचं नाही. डायल केल्यावर मोडेम समोरच्या मोडेमच्या कॅरिअरची (डेटा वाहून नेणाऱ्या सुराची) वाट बघतो. ती मुदत एस७ रजिस्टरमध्ये (मोडेमच्या आतल्या एका सेटिंगमध्ये) असते. शेवटी अर्धविराम असेल तर मात्र तो वाट न बघता पुढची कमांड घ्यायला मोकळा होतो. मग रिसीव्हर उचलून माणसाने बोलावं आणि ‘एटीएच’ देऊन मोडेमला लाइनवरून काढावं, अशी ती सोय होती.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि या कमांड मुंबईच्या घराघरांत, ऑफिसांत पोचल्या. जुन्या एक्स्चेंजला डायलिंगचे टोन कळत नसत, तिथे ‘एटीडीटी’ऐवजी पल्सची (जुन्या चकतीच्या फोनसारखी टकटक करणारी) ‘एटीडीपी’ लागे. फोर्टमधल्या ऑफिसात ईपीएबीएक्समागे (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजमागे) मोडेम असला, तर बाहेरच्या लाइनसाठी शून्य, मग स्वल्पविराम (दोन सेकंद थांबण्यासाठी) आणि पुढे नंबर. तरीही ‘नो डायलटोन’ आलं, तर ईपीएबीएक्सचा डायलटोन मोडेमला ओळखता येत नाहीये असं समजायचं. अशा वेळी ‘एटीएक्स३’ दिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

पुढे जीएसएम ०७.०७ या मानकाने हेजचीच भाषा उचलली आणि अर्धविरामाला व्हॉइस कॉलची खूण केलं. ते मानक आज ३जीपीपी २७.००७ म्हणून ओळखलं जातं. डेटा कॉल तेव्हा सेकंदाला ९६०० बिट्सच्या वेगाने चाले. जीपीआरएस (मोबाइलवरची पॅकेट डेटा सेवा) आल्यावर समोरच्या नंबरची गरजच उरली नाही. ‘एटीडी*९९#’ दिलं की नेटवर्कची पॅकेट सेवा मिळते.

अर्धविराम देऊनही कॉल लागत नसेल, तर आधी ‘एटी+सीआरईजी?’ (मॉड्यूल नेटवर्कवर नोंदलं गेलंय का) विचारावं. ०,१ किंवा रोमिंगमध्ये ०,५ आलं तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. काहीच उत्तर नसेल, तर कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (एंटरची खूण) जातोय का ते बघावं. नुसत्या लाइन फीडने (नव्या ओळीच्या खुणेने) भागत नाही. सिम८०० हे २जी मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट खेचतं. बारीक वायरीवर व्होल्टेज पडतं आणि रिंग जायच्या आतच मॉड्यूल रीस्टार्ट होतं. त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओकडे २जी नाही. ४जी मॉड्यूल घ्यायचं तर व्होल्टीची (४जीवरून व्हॉइस कॉल लावायची) सोय असलेलंच घ्यावं. नाहीतर इंटरनेट चालेल, पण जिओवर व्हॉइस कॉल लागणार नाही.