चीनचे ५जी ग्राहक: पॅकेजचा आकडा आणि नेटवर्कचा आकडा

२०२२ अखेर चीनमध्ये ५जी ग्राहक किती होते? चायना मोबाइल, चायना टेलिकॉम आणि चायना युनिकॉम या तीन मोबाइल कंपन्यांचे आकडे जोडले, तर सुमारे १०९ कोटी. तिथल्या उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा त्याच वर्षअखेरचा आकडा मात्र ५६.१ कोटी. यात खोटं कुणीच बोलत नाही.

कंपन्यांची बेरीज 'पॅकेज ग्राहकां'ची आहे. ५जी प्लॅन घेतला की माणूस त्यात आला, मग हातात ४जी फोन का असेना. मंत्रालय मोजतं ते प्रत्यक्ष ५जी नेटवर्क वापरल्याची बिलिंगमध्ये नोंद असलेले ग्राहक, म्हणजे 'नेटवर्क ग्राहक'.

चायना मोबाइलने २०२२ आणि २०२३साठी दोन्ही आकडे दिले, म्हणून तिचे ते अहवाल आवर्जून बघावेत. २०२२ अखेर पॅकेज ६१.४ कोटी, नेटवर्क ३२.६ कोटी. म्हणजे किमान २८.८ कोटी ग्राहक ५जी प्लॅनवर होते, पण ५जी वापरत नव्हते. २०२३ अखेर हे आकडे ७९.५ आणि ४६.५ कोटी झाले. तफावत कमी होण्याऐवजी ३३ कोटींवर गेली.

असं होतं, कारण प्लॅन बदलणं फोन बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. १ नोव्हेंबर २०१९ला सेवा सुरू झाली तेव्हाच सिमकार्ड आणि नंबर तेच ठेवण्याची सोय होती. सर्वांत स्वस्त प्लॅन १२८ युआनच्या आसपास होता. पुढे सवलती आल्या आणि नुसत्या जास्त डेटासाठीही लोक ५जी पॅकेजवर गेले. नवा फोन घ्यायचा तर हजार-दोन हजार युआन मोजावे लागतात.

कंपनीच्या महसुलाचा अंदाज बांधायचा असेल तर पॅकेजचा आकडा उपयोगी. टॉवरवरचा भार काढताना तो घेतला की गणित पार फसतं. २०२२ अखेर चीनमध्ये २३.१२ लाख ५जी बेस स्टेशन (टॉवरवरची सिग्नल यंत्रणा) होती. पॅकेजच्या आकड्याने भागलं तर एका स्टेशनमागे सुमारे ४७० ग्राहक येतात, मंत्रालयाच्या आकड्याने जेमतेम २४०.

भारताशी तुलना करतानाही हीच चूक होते. जिओ आणि एअरटेलने सुरुवातीला वेगळं ५जी पॅक न काढता २३९ रुपयांपासूनच्या रिचार्जवर ५जी दिलं. मोजायला वेगळं पॅकेजच नव्हतं, त्यामुळे आपल्याकडचे आकडे चीनच्या नेटवर्क ग्राहकांशीच ताडून पाहावेत.

आकडा कुठला हे बातमीत लिहिलेलं नसेल, तर वर्ष बघा. मंत्रालयाच्या मोजणीने १०० कोटींचा टप्पा २०२४च्या अखेरीस ओलांडला. त्याआधीच्या बातमीत '१०० कोटी ५जी ग्राहक' दिसले, तर ते पॅकेजवाले.