१८० दिवसांची अट: अमेरिकेतील ई-मेल गोपनीयता कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याला संघीय कायद्याने १९६८ साली वेसण घातली, पण संगणकांमधून जाणारा मजकूर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे बँकेतील नोंदी (१९७६) आणि ग्राहकाने फिरवलेले दूरध्वनी क्रमांक (१९७९) त्याने स्वतःहूनच दुसऱ्याच्या हाती दिलेले असल्याने त्यांवर गोपनीयतेचा घटनात्मक हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ई-मेलही कंपनीच्याच हाती असते. म्हणून १९८६ चा इलेक्ट्रॉनिक संदेशवहन गोपनीयता कायदा करावा लागला.

या कायद्यातील सर्वांत वादग्रस्त तरतूद १८० दिवसांची आहे. साठवणुकीत असलेले ई-मेल तितके किंवा त्याहून कमी दिवसांचे असेल तर तपासयंत्रणेला वॉरंट, म्हणजे सबळ कारण दाखवून न्यायाधीशाकडून मिळवलेला झडतीचा आदेश, आणावे लागते. त्याहून जुन्या पत्रासाठी मात्र पूर्वसूचना देऊन काढलेले साधे समन्स किंवा सौम्य निकषावर मिळणारा न्यायालयीन आदेश पुरतो. त्या काळी साठवणूक महाग होती आणि लोक टपाल आपल्या संगणकावर उतरवून घेत, त्यामुळे सहा महिने सर्व्हरवर पडून राहिलेले पत्र टाकून दिलेलेच समजले जाई. माणसे वर्षानुवर्षांची पत्रे तिथेच जपून ठेवू लागल्यावर या तर्काला आधार उरला नाही. वॉरंटचे हे संरक्षण ज्या साठवणुकीपुरते होते, तिच्यासाठी कायद्यात वापरलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक साठवणूक’ या शब्दाने गुंता आणखी वाढवला: उघडून वाचलेले पत्र त्या व्याख्येतून बाहेर पडते, अशी सरकारची भूमिका होती, तर २००४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने तेही राखीव प्रत म्हणून संरक्षित मानले.

२०१० मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने पत्राचे वय न पाहता वॉरंट आवश्यक ठरवले. तो निकाल चारच राज्यांवर बंधनकारक असला तरी मोठ्या कंपन्यांनी त्याच्या आधारे सर्वत्र वॉरंट मागण्यास सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये खुद्द न्याय खात्यानेही या मुदतभेदाला तत्त्वाचा आधार नसल्याचे मान्य केले. २०१६ मध्ये हा भेद काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक कनिष्ठ सभागृहात ४१९ विरुद्ध ० मतांनी संमत झाले. वॉरंट काढण्याचा अधिकार नसलेल्या नियामक यंत्रणांचे आक्षेप आणि नव्या उपसूचना यांत ते वरिष्ठ सभागृहात अडकले, ही गोष्ट आजही खटकते.

जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या मोबाइल-स्थानाच्या नोंदींसाठी वॉरंट हवे होते असा निर्णय दिला, मात्र सत्तरच्या दशकातील ते दोन निकाल रद्द केले नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेने परदेशातील सर्व्हरवर ठेवलेली माहितीही अमेरिकी कंपन्यांकडून मागवता यावी म्हणून १९८६ च्या याच कायद्यात दुरुस्ती केली, पण १८० दिवसांच्या कलमाला हात लावला नाही.