औषधाच्या बाटलीवरचं पुस्तक आणि त्यामागचा डिंक

टूथपेस्टच्या ट्यूबच्या तळाशी एक लहानसा रंगीत चौकोन असतो. हिरवा असेल तर पेस्ट नैसर्गिक आणि काळा असेल तर निव्वळ केमिकल, असा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही तो अधूनमधून उगवतो, खाली हात जोडलेले इमोजी घेऊन. त्या चौकोनाचा पेस्टशी काहीएक संबंध नाही. छापलेल्या ट्यूबांचा लांबलचक रोल यंत्रातून धावत असतो. तो नेमका कुठे कापायचा हे प्रकाश ओळखणाऱ्या सेन्सरला कळावं म्हणून ती खूण छापतात. आजूबाजूच्या रंगात उठून दिसेल असा कुठलाही रंग चालतो.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. हाच मेसेज पुढे ढकलणारा माणूस दुसऱ्या दिवशी कपाशीवर फवारायला जी बाटली उघडतो, तिच्यावरही एक रंगीत आकृती असते. तिला मात्र अर्थ आहे आणि तो कायद्याने दिलेला आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे प्रत्येक लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन लागतो, दोन त्रिकोणांत विभागलेला. वरच्या त्रिकोणात इशारा, खालच्यात रंग. लाल म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतचीच मात्रा तोंडावाटे गेली तरी चाचणीतले निम्मे प्राणी दगावतात. पिवळ्यासाठी हाच आकडा ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, आणि हिरवा त्याच्याही पुढे. म्हणजे हिरवा हा शेवटी विषाच्याच पट्टीवरचा एक रंग आहे. ‘हिरवं म्हणजे सेंद्रिय’ असं ज्याला वाटतं त्याने तो पुन्हा पाहावा.

हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापेल एवढा असावा लागतो. आता १०० मिलीची बाटली घ्या. व्यास साधारण साडेचार सेंटिमीटर धरला तर घेर झाला चौदा, आणि लेबलची उंची सहा. म्हणजे एकूण जागा जेमतेम ८५ चौरस सेंटिमीटर. एवढ्यात उत्पादनाचं नाव, घटक, नोंदणी क्रमांक, बॅच, तारखा, पत्ता, इशारे हे सगळं बसवायचं. शिवाय कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी किती मात्रा, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, विषबाधेची लक्षणं, उतारा, रिकाम्या बाटलीचं काय करायचं. आणि हे सारं हिंदी, इंग्रजी आणि विकल्या जाणाऱ्या भागातल्या भाषेत. देवनागरीची आणखी एक पंचाईत आहे. अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षर फार बारीक केलं तर शाई पसरून ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसतात.

म्हणून नियमातच वेगळ्या माहितीपत्रकाची सोय आहे. ते खोक्यात घडी करून ठेवलेलं असतं. खोकं बांधावर उघडतं, बाटली पिशवीत जाते आणि पत्रक वाऱ्याबरोबर शेजारच्या मक्यात. मग संध्याकाळी कुणाला गरगरलं, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कोणतं औषध होतं? ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा. पायरेथ्रॉइड असेल तर खास उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांनी बळी घेतले, त्यानंतर तरी ही माहिती बाटलीपासून सुटता कामा नये हे कुणाला वेगळं सांगायला नको.

तर मग माहितीपत्रक बाटलीलाच चिकटवायचं. असं लेबल अस्तित्वात आहे आणि आता अनेक उत्पादनांवर दिसतंही. खाली एक पक्कं लेबल, त्यावर घडी घातलेली छोटी पुस्तिका, आणि सगळ्यांवरून एक पारदर्शक फिल्म. फिल्मची एक कड कायमची चिकटलेली असते, दुसरी कड उघडते. पुस्तिका वाचायची, परत घडी करायची, कड दाबायची, बंद. वीस-वीस पानं त्याच ८५ चौरस सेंटिमीटरांवर मावतात. छपाईवाल्यांना यात नवल नाही. माझा जीव मात्र त्या उघडणाऱ्या कडेवर आहे. एकाच बाटलीवर एक डिंक कधीच सुटू नये आणि दुसरा दर वेळी सुटून परत चिकटावा, हे कसं जमतं?

पांढरा गोंद पाणी उडून वाळतो. दोन नळ्यांमधला इपॉक्सी रासायनिक क्रियेने घट्ट होतो. लेबलमागचा डिंक यातलं काहीच करत नाही. लावला तेव्हा जसा होता तसाच तो नंतरही राहतो, ना वाळतो ना शिजतो. दाबलं की चिकटतो, बस्स. चिकटतो तो व्हॅन डर वाल्स बलांमुळे. ही बलं जगातल्या कुठल्याही दोन वस्तूंमध्ये असतात, पण इतक्या जवळून काम करतात की मध्ये थोड्याशा अणूंच्या जाडीएवढं अंतर पडलं तरी त्यांचा जोर ओसरतो. पुस्तक टेबलाला चिकटत नाही ते याचमुळे. दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि फक्त शिखरं शिखरांना टेकतात. डिंकाला त्या सगळ्या खळग्यांत उतरावं लागतं, म्हणजे तो भरपूर मऊ हवा. किती मऊ, हे १९६० च्या दशकात ‘थ्री एम’ कंपनीतल्या कार्ल डालक्विस्ट यांनी ठरवून दिलं. सेकंदभर दाबल्यावर पदार्थाचा ताठरपणा सुमारे ३ लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो नुसत्या दाबाने चिकटतो. साध्या रबरबँडचा ताठरपणा १० लाखांच्या आसपास असतो. म्हणून रबर मऊ असूनही बोटाला चिकटत नाही.

पण मऊपणाच हवा असेल तर पाणी काय वाईट? पाणी तर प्रत्येक खळग्यात शिरतं. अडचण अशी की ते ओढ सहन करत नाही. डिंकात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, काही ठिकाणी रासायनिक गाठींनी बांधलेल्या. सावकाश दाबलं तर साखळ्यांना सरकायला वेळ मिळतो, डिंक द्रवासारखा पसरतो. झटक्याने ओढलं तर गुंता सोडवायला वेळ नसतो, तोच डिंक घन असल्यासारखा वागतो.

आता कड सोलायला घ्या. डिंक लगेच सुटत नाही. आधी त्यात पोकळ्या पडतात, पोकळ्यांमधल्या भिंती ताणल्या जातात आणि त्यांचे बारीक धागे होतात. चिक्कीसाठी गुळाचा पाक बोटात धरून तार बघतात ना, अगदी तसे. हे धागे मूळ जाडीच्या कितीतरी पट लांबतात आणि मगच तुटतात किंवा सुटतात. ताणताना साखळ्या एकमेकींवर घासतात आणि तुमच्या बोटाने घातलेली ऊर्जा उष्णतेत निघून जाते. दोन पृष्ठभाग नुसते वेगळे करायला चौरस मीटरला दशांश ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरावी. प्रत्यक्षात चांगलं लेबल सोलायला त्याच्या शेकडो, कधी हजारो पट लागते. चिकटपणा म्हणतो तो मुख्यतः वाया जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब आहे!

हे लक्षात आलं की उघडणाऱ्या कडेचं गुपित उलगडतं. धागे वाढूच द्यायचे नाहीत. एक उपाय म्हणजे कडेखालच्या पट्टीवर सिलिकोनचा वॉर्निश द्यायचा. त्यावर डिंकाचं टोक निसटतं, त्यामुळे धागा लांब होण्याआधीच सुटतो. दुसरा उपाय डिंकाचे अतिसूक्ष्म गोळे वापरायचा. फिल्म त्या गोळ्यांच्या माथ्यांवरच टेकते, बाकीची जागा रिकामी, म्हणून पकड हलकी. हा डिंक ‘थ्री एम’मध्येच स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये सापडला. ते शोधत होते जबरदस्त गोंद, हाती आला कमजोर. त्याला उपयोग सापडायला बरीच वर्षं गेली. पिवळ्या चिकट-चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये.

सोलण्याच्या कोनाचंही एक सूत्र आहे. सोलण्याचा कोन थीटा धरला तर लागणारं बल हे (१ − कोसाइन थीटा) च्या व्यस्त प्रमाणात बदलतं. थीटा ९० अंश असेल तर कंस १ होतो, १८० अंशांना २, म्हणजे कड पूर्ण मागे दुमडून ओढली तर सरळ वर ओढण्यापेक्षा निम्म्या बलात काम होतं. उलट ३० अंशांना कंस फक्त ०.१३, म्हणजे साडेसातपट जोर. घाईत फिल्म पृष्ठभागाला धरून आडवी खेचणारा ती फाडणारच.

खानदेशात या डिंकाची खरी परीक्षा तापमान घेतं. रेणूंच्या साखळ्यांसाठी उष्णता म्हणजे जणू जादा वेळ आणि थंडी म्हणजे वेळेची टंचाई. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या गोदामात त्याहून वर. तेव्हा डिंक संथ द्रवाकडे झुकतो, कडेतून बाहेर पाझरतो, त्यावर धूळ बसते, आणि धूळ बसली की खळग्यांत उतरणं संपलं. डिसेंबरात धुळ्यात किमान तापमान एक आकडी होतं. त्या पहाटे तोच डिंक ताठरतो आणि दाबूनही नीट बसत नाही. युरोपातल्या थंड गोदामासाठी निवडलेला डिंक इथे आणून चालत नाही तो यामुळे.

शिवाय लेबलला स्वतःची जिद्द असते. सपाट छापलेलं लेबल गोल बाटलीवर वाकवलं की ते सरळ व्हायला बघतं आणि उन्हाळ्याच्या त्या सैल डिंकावर रात्रंदिवस हळूहळू ओढ लावतं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ कागद एकमेकांना चिकटवून एकच जाड पुठ्ठा केला तर विरोध एका कागदाच्या ५१२ पट होतो. तेच आठ कागद सुटे ठेवले, एकमेकांवरून सरकू दिले, तर फक्त आठपट. वहीची आठ पानं हातात घेऊन वाकवून पाहा, मग ती खळीने चिकटवून, वाळवून पुन्हा वाकवा. पुस्तिकेची पानं आतून मोकळी ठेवतात याला वाचायची सोय हे एक कारण, आणि दुसरं हे. पानं बांधली असती तर लेबल महिनाभरात बाटलीवरून कानासारखं उभं राहिलं असतं.

एवढी उठाठेव कशाला, क्यूआर कोड लावा, असं आता सगळे म्हणतात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने केलेला हा शोध झकास आहे, पण त्याच्याभोवती फुगवलेला फुगा फोडायला हवा. सर्वांत मोठ्या क्यूआरमध्ये १७७ गुणिले १७७ चौकटी असतात आणि त्यात जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. देवनागरीच्या नेहमीच्या साठवणीत प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजतात. म्हणजे एकूण हजाराच्या आत चिन्हं, जेमतेम दीड-दोनशे शब्द. शिवाय एक चौकट ०.४ मिलिमीटरची धरली तरी हा कोड सात सेंटिमीटर रुंद होतो, आपल्या सहा सेंटिमीटर उंच लेबलच्या बाहेर, तोही गोल पृष्ठभागावर. म्हणून प्रत्यक्षात कोडमध्ये फक्त एक लिंक असते. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या वरच्या शिवारात रेंज नाही, हात औषधाने ओले, फोन घरी. बॅच खरी की बनावट हे दुकानात तपासायला क्यूआर उत्तम. उतारा शोधायला नाही.

लेबलवर मांडणी करणाऱ्याने मग ठरवायचं, बाहेर काय आणि आत काय. माझ्या मते रंगाचा चौकोन, औषधाचा रासायनिक गट आणि उतारा हे खालच्या पक्क्या लेबलवरच हवं, म्हणजे पुस्तिका फाटली तरी ते राहील. छपाईवर विद्रावकाला टिकणारा थरही हवा. बाटलीतून ओघळलेलं औषध बरेचदा झायलीनसारख्या विद्रावकात विरघळवलेलं असतं आणि ते शाई आणि डिंक दोन्ही खातं. उघडायच्या कडेला अर्धा सेंटिमीटर पट्टी डिंकाशिवाय सोडावी, हातमोजा घातलेल्या बोटाला ती धरता यावी. हातमोजे, मास्क, हात धुणं हे चित्रांनी सांगावं, कारण फवारणीला येणारे कित्येक मजूर घरी पावरी नाहीतर भिली बोलतात आणि नियमातल्या भाषांच्या यादीत त्यांची भाषा येत नाही.

आतल्या पहिल्या पानावर पंपाचा तक्ता यावा. कृषी केंद्राच्या काउंटरवर विचारतात तो प्रश्न एकच, “भाऊ, एक पंपले कितलं टाकानं?” आणि मंजूर मजकुरात मात्रा असते हेक्टरी. समजा हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २५० मिली सांगितलं असेल, तर लिटरला अर्धा मिली. १५ लिटरच्या पंपाला साडेसात, १६ च्या पंपाला ८, २० च्या पंपाला १०. झाकणाने मोजून ‘थोडं जास्तच’ टाकण्याची सवय असलेल्या माणसासाठी हा चार ओळींचा तक्ता सगळ्यात आधी उघडायला हवा. मजकूर नोंदणी समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, तेवढी खटपट कंपनीने करावी. इंग्रजी मागच्या पानांवर गेलं तरी कुणाचं अडणार नाही.