काट्याचे सोळा आणे

शेजारच्या वहिनी घरून केकच्या ऑर्डरी घेतात. महिनाभर त्यांचे केक मधोमध बसत होते. अंडी बदलून झाली, ओव्हनला नावं ठेवून झाली. मी नव्या वजनकाट्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "त्याचं नाव काढू नका भाऊजी. तोच मैदा पाच वेळा ठेवून बघितला, एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही. आणि खोक्यावर लिहिलंय ना, हाय प्रिसिजन!"

खोक्यावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. घोळ आपल्या भाषांतराचा आहे. बातम्यांत 'प्रिसिजन स्ट्राइक' आला की खालच्या पट्टीवर 'अचूक हल्ला' झळकतो. अचूक म्हणजे ज्यात चूक नाही. पण प्रिसिजनने असं वचन कधी दिलेलंच नाही. ज्या लॅटिन शब्दावरून तो आला त्याचा अर्थ छाटणं, फाफटपसारा कापून टाकणं. 'ॲक्युरसी'च्या, म्हणजे अचूकतेच्या, पोटात मात्र 'क्युरा' आहे, म्हणजे काळजी. ७ मे १९९९ च्या रात्री युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, अमेरिकी विमानाने टाकलेले पाच बॉम्ब ठरवलेल्या ठिकाणी पडले. ती इमारत चिनी वकिलातीची निघाली. तीन पत्रकार गेले. अमेरिकेचं स्पष्टीकरण असं, की नकाशावरून काढलेली जागाच चुकली होती. बॉम्ब आपल्या कामात काटेकोर होते.

प्रिसिजनला मी काटेकोरपणाच म्हणेन. परिशुद्धतेसारखे भारदस्त शब्द आहेत, पण ते कुणाच्या तोंडी बसलेले नाहीत. आणि काटेकोर माणूस चुकीचाही असू शकतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत एक तरी असतोच.

मोजमापाच्या शास्त्रात ही फोड पक्की आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ५७२५ क्रमांकाच्या, १९९४ च्या मानकात ॲक्युरसीचे दोन भाग केले आहेत. पुष्कळ मापांची सरासरी खऱ्या किमतीच्या किती जवळ जाते, हा एक. तीच मापं आपापसांत किती जवळजवळ पडतात, हा दुसरा, आणि प्रिसिजन म्हणजे एवढंच. खरी किंमत माहीत नसली तरी प्रिसिजन काढता येतं. वहिनींनी पाच वेळा मैदा ठेवून तेच काढलं होतं.

खरी किंमत बाहेरूनच आणावी लागते. आम्ही ती पाकिटातून आणली. २०११ च्या मालिकेतलं, २३ मिलिमीटर व्यासाचं, पिवळसर पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. (त्याआधीचं जाड पांढरं नाणं ९ ग्रॅमचं, ते यात मिसळू नका.) सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी खूण दिसली तर नाणं आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीचं. वजनमापं तपासायची प्रमाण वजनंही हीच टांकसाळ बनवते, त्यामुळे आमची परीक्षा अगदीच घरगुती नव्हती. फारशी न झिजलेली दहा नाणी निवडली. यायला हवे होते ६० ग्रॅम. काटा म्हणाला ६४. पुन्हा ६४. पुन्हा ६४.

मग माळ्यावरचा आईचा स्प्रिंगचा काटा काढला. तो म्हणाला ५०, ७०, ६०, ५५, ६५. एकही आकडा विश्वासाचा नाही, पण सरासरी बरोबर ६०! विखुरलेल्या चुका एकमेकींना खातात. किती खातात याचा हिशेब वर्गमुळाने चालतो: ४ वेळा मोजून सरासरी घेतली तर तिची चूक निम्मी होते, १०० वेळा मोजली तर दहावा हिस्सा. दहापट सुधारणेसाठी शंभरपट मेहनत, असा महाग सौदा. पण नव्या काट्यावर हजार वेळा मोजा, ६४ चे ६० होणार नाहीत. सगळ्या चुका एकाच दिशेच्या असल्या की सरासरी त्यांना जपून ठेवते.

(कुंडलीच्या सॉफ्टवेअरमधून ग्रहांची जागा अंश-कला-विकलांपर्यंत येते. ते गणित खगोलशास्त्राचं आहे आणि बहुतेक ठीकच असतं. त्यावरून काढलेल्या लग्नाच्या योगाला मात्र त्या विकलांचा काडीचा आधार नाही.)

आता खरी मजा. काट्याच्या आत ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते. वजन पडलं की ती केसभर वाकते. तिला चिकटवलेली धातूची नागमोडी तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित वाढतो, आणि चिप त्या बदलाला एका साठवलेल्या आकड्याने गुणून ग्रॅम दाखवते. चूक दोन जागी होऊ शकते. शून्यच सरकलेलं असेल, शाळेतल्या व्हर्नियरच्या झिरो एररसारखं, तर प्रत्येक वजनात तेच ४ ग्रॅम जादा येतील. गुणायचा आकडा चुकला असेल, तर वजनाबरोबर चूकही वाढेल. कोणती ते ओळखायला आणखी दहा नाणी पुरतात. वीस नाण्यांना १२४ आले तर शून्याचा दोष, १२८ आले तर गुणकाचा.

आले १२८.

"मग साखर, लोणी, मैदा सगळंच त्याच प्रमाणात कमी पडत होतं ना?" वहिनींनी लगेच पकडलं. "प्रमाण तर बिघडलं नाही. केक का बसावा?"

प्रश्न बिनतोड होता. सगळं त्या काट्यावर मोजलं असतं तर केक थोडा लहान झाला असता, एवढंच. पण अंडी मोजायची नगावर आणि दूध कपाने. ती पुरेपूर पडत होती, मैदा मात्र सोळातला पंधराच.

काट्यावर आता एक कागद चिकटवलाय: ४५० हवे तर ४८० दाखवू द्या. खाली वहिनींच्या अक्षरात, "याचे सोळा आणे म्हणजे आपले पंधरा."