फुफ्फुसाची जुनी कॅप्सूल आणि सोबत केमो: ट्रायलमध्ये नाव लागतं कसं, कागद कोणते लागतात

‘ट्रायलचा फॉर्म कुठून डाउनलोड करायचा?’ असं फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक विचारतात. तसा फॉर्मच नसतो. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषध लागू पडतं का ते पेशंटवर तपासणारा अभ्यास, ही योजना नव्हे. रेशनकार्ड जोडून अर्ज टाकला आणि यादीत नाव आलं, असं इथे होत नाही. परवानगीचा अर्ज करायचा तो ट्रायल करणाऱ्यांनी. पेशंटच्या हातात येतो संमतीपत्राचा गठ्ठा, आणि या सगळ्यातला खरा कागद तोच. ‘नाव लावून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

ही कॅप्सूल कोणती, ते आधी. निंटेडॅनिब. फुफ्फुस घट्ट होत जातं त्या आजारात, म्हणजे आयपीएफमध्ये, छातीचे डॉक्टर ती देतात आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये ती मिळतेही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटू नयेत म्हणून ती काही इशारे अडवते. ‘ल्यूम-लंग १’ या ट्रायलमध्ये, पहिली केमो लागू न पडलेल्या १३१४ पेशंटना डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत ही कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली कॅप्सूल दिली. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या अडिनोकार्सिनोमा या प्रकारात मध्यक आयुर्मान (निम्मे पेशंट निदान इतके जगले तो काळ) १०.३ महिन्यांवरून १२.६ वर गेलं. सगळ्या प्रकारांचे पेशंट एकत्र धरले तेव्हा मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. २०१४ मध्ये युरोपने मंजुरी दिली ती म्हणूनच फक्त अडिनोकार्सिनोमासाठी. पुढे जपानमध्ये आयपीएफ आणि फुफ्फुसाचा कॅन्सर दोन्ही असलेल्या २४३ जणांवर केमोसोबत तीच तपासली, तेव्हा मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. औषध ओळखीचं आहे म्हणून कॅन्सरवर चालेलच असं नाही. ट्रायल करावी लागते ती त्यासाठीच.

भारतात हे २०१९ च्या ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमां’खाली येतं. कंपनीची ट्रायल असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. बाजारात असलेलं औषध नव्या आजारासाठी केवळ अभ्यास म्हणून तपासायचं असेल तर नियम २८ प्रमाणे नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही, पण एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित आणि हक्क पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आधी लागतेच. अशा कमिटीत निदान सात जण असतात आणि निम्मे तरी त्या हॉस्पिटलबाहेरचे. पहिल्या पेशंटला घेण्याआधी ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीत व्हावी लागते.

शोध तिथूनच सुरू करा. सीटीआरआयची साइट सर्वांना खुली आहे. ‘लंग कॅन्सर’ टाकून सगळं सापडत नाही, ‘नॉन स्मॉल सेल’ आणि ‘कार्सिनोमा’ हेही टाकून बघा. नोंद उघडली की आधी भरती सुरू आहे का ते पाहा, मग केंद्रांची यादी आणि पात्रतेच्या अटी. नोंदीचा क्रमांक लिहून घ्या आणि ओपीडीत आपल्या डॉक्टरांना दाखवा. मुंबई-पुण्यापर्यंत जाण्याआधी ट्रायलच्या कोऑर्डिनेटरला फोन करून जागा शिल्लक आहे का ते विचारा. भरती संपूनही नोंद जुनीच राहिलेली असू शकते.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी. पण अशा औषधाच्या ट्रायलमध्ये साधारण हे पाहतात: तिसऱ्या टप्प्याचा पुढचा भाग किंवा चौथा टप्पा, बायोप्सीने पक्कं झालेलं निदान, सीटीवर मोजता येईल अशी गाठ, पेशंट स्वतःचं स्वतः करणारा आणि बहुतेक वेळ उठून-फिरून असणारा, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट ठीक. गाठीतले ईजीएफआर आणि एएलके हे जनुकीय बदल तपासलेले हवेत, कारण तसा बदल सापडला तर त्यावरची गोळी आधी द्यायची असते. खोकल्यातून रक्त पडत असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर बऱ्याचदा नकार येतो. या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आपल्याकडची एक खास अडचण टीबीच्या गोळ्यांची. एक्स-रेवर डाग दिसला की आधी एकेटी, म्हणजे टीबीचा कोर्स, सुरू होते, आणि कॅन्सरचं निदान होईपर्यंत काही महिने गेलेले असतात. त्यातली रिफाम्पिसिन निंटेडॅनिबचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आणते. म्हणून एकेटी कधी सुरू झाली, कधी थांबली, त्याचं कार्ड फाइलमध्ये ठेवा. ‘टीबी नव्हताच, मग कशाला सांगायचं’ असं म्हणून ते दडवू नका.

आता फाइल. आधार, हॉस्पिटलचा केस पेपर, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, सीटी किंवा पेट-सीटीची सीडी (नुसता रिपोर्ट पुरत नाही), आधीच्या प्रत्येक केमोचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, त्यात काढे आणि भस्मंसुद्धा. पण अडतं ते ब्लॉकपाशी. ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा चौकोन, प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवर, कडेला नंबर टाकलेला. तो असतो जिथे बायोप्सी तपासली त्या लॅबमध्ये. माझ्या मामांच्या वेळी आम्ही रिपोर्टचा मोबाइलमधला फोटो घेऊन गेलो. ब्लॉक आणायला परत गावी, तिथे लॅब म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र आणून ब्लॉक मिळाला तर त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळेना. कोणीतरी दुसऱ्याचाच काढून दिला होता. पाच दिवस गेले. लॅबच्या काउंटरवरच दोन्ही नंबर ताडून पाहा आणि स्लाइडही मागून घ्या.

संमतीपत्र मराठीत मिळायला हवं, तो हक्क आहे. ट्रायलपुरती म्हणून असलेली कोणतीही तपासणी सहीनंतरच. त्या कागदावर वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-नातं विचारतात. वारसाचा रकाना पाहून घरचे बिथरतात, पण तो नुकसानभरपाईसाठी असतो. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सही झाली की भरलेल्या संमतीपत्राची प्रत आणि माहितीपत्रक मागून घ्या. घरी नेऊन वाचतो म्हणालात तर कोणी अडवू नये, आणि मध्येच सोडायचं ठरवलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. कॅप्सूल कोणाला आणि नुसती केमो कोणाला, हे कंप्युटर ठरवतो. ओळखीने गट बदलून मिळत नाही.

खर्चाचं तोंडी विचारू नका, कागदावर दाखवा म्हणा. नेहमीच्या उपचारापलीकडचा खर्च पेशंटवर टाकू नये, असं आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. केमो मात्र नेहमीचीच असल्याने ती जन आरोग्य योजनेतून की खिशातून, ते आधी ठरवावं लागतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर भरपाई. तिचं सूत्र ८ लाखांच्या मूळ रकमेवर, वय आणि आजाराच्या तीव्रतेवर चालतं. वय ६५ च्या पुढे आणि आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरलेलं असा अंदाज असेल तर ते ४ लाखांवर येतं. निष्ठुर वाटतं, पण नियमात तसंच आहे. आणि आजारानेच मृत्यू झाला तर भरपाई नाही.

नाव लागलं तर वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. डोसेटॅक्सेलसोबतच्या पद्धतीत केमोच्या दिवशी कॅप्सूल घ्यायची नसते. दुसऱ्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत, दिवसातून दोनदा, जेवणासोबत. जुलाब होतात, त्याची गोळी आधीच घरात आणून ठेवा. रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकू नका. पुढच्या भेटीला कोऑर्डिनेटर ती मागून घेतात आणि उरलेल्या कॅप्सूल समोर मोजतात.