एकाच घरात दोन फोन, दोन्हींत आपलंच ॲप, मग दिसतं वेगळं कसं?

अमळनेरच्या एका ताईंचा मध्यंतरी फोन आला. चांगल्याच चिडलेल्या होत्या. "जाऊबाईंच्या फोनात 'मागची ऑर्डर पुन्हा मागवा' असं बटण वरच दिसतं. मी केव्हाची शोधू राहिली, माझ्यात नाहीच. आमचे पैसे काय वेगळे आहेत का?" फोन घेणाऱ्या आमच्या पोराने 'ॲप अपडेट करा' म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचं होतं. दोघींची ॲपं अपडेटच होती. ते बटण आम्ही मुद्दाम अर्ध्या ग्राहकांना दाखवत होतो आणि अर्ध्यांना नाही. हे पत्रक त्या ताईंसाठी आहे, आणि ज्यांनी फोन केला नाही पण मनात हेच आलं, त्यांच्यासाठीही.

असं का करता?

कारण आम्हाला माहीत नसतं. जळगावात एका दुकानाच्या माळ्यावर हे किराणा-भाजीचं ॲप सुरू झालं, तेव्हा गिऱ्हाईक थोडं होतं. कोणाला भरताची हिरवी वांगी हवीत आणि कोणाला शेवभाजीची जाड शेव, हे तोंडपाठ असायचं. आता धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगावपर्यंत लोक मागवतात. कुठलाही बदल करायचा म्हटला की ऑफिसात चार मतं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं मत चालतं. बरेच दिवस आम्ही तसंच चालवलं. मग ठरवलं, हा वाद तुमच्या बोटांनीच मिटवावा. बदल काहींना दाखवायचा, काहींना नाही, आणि कोणाला ॲप वापरणं सोपं गेलं ते मोजायचं.

शेती करणाऱ्याला हे नवं नाही. कपाशीचं नवं वाण आणलं आणि सगळं वावर त्याचंच लावलं, तर पीक मागच्या वर्षीपेक्षा चांगलं आलं ते बियाण्यामुळे की पावसामुळे, हे कसं सांगणार? वरच्या वावरात जुनं आणि खालच्यात नवं लावलं, तर खाली ओलच जास्त. म्हणून जाणता माणूस एकाच वावरात दोन्ही वाणं शेजारी शेजारी लावून बघतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1919 साली रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. त्यांनी यात एक पायरी पुढे नेली: कुठल्या तुकड्यात कुठलं वाण, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. माणूस आपल्या हाताने निवडायला लागला की आवडत्या बियाण्याला नकळत बरा तुकडा देतो. चिठ्ठीला आवडनिवड नसते. आज जगातली मोठमोठी ॲपं जे प्रयोग करतात, त्यांचं मूळ या वावरात आहे.

आमच्याकडे पाऊस म्हणजे सण. कानबाईच्या आठवड्यात आम्ही नवं बटण टाकलं आणि ऑर्डरी वाढल्या, तर श्रेय कानबाईचं आणि फुशारकी आमची, असं व्हायचं. आखाजीला तेच, कपाशीचा पैसा हातात येतो तेव्हा तेच. दोन्ही गट एकाच वेळी चालवले की सण दोघांनाही सारखाच येतो आणि उरलेला फरक बटणाचा.

चिठ्ठी कशी पडते?

तुमचा ग्राहक क्रमांक आणि प्रयोगाचं नाव एकत्र करून संगणक त्यातून 0 ते 99 मधला एक आकडा काढतो. 50 च्या आत असेल तर एक गट, नाहीतर दुसरा. क्रमांक तोच राहतो, म्हणून आकडाही तोच येतो आणि प्रयोग चालू असेपर्यंत तुमचा स्क्रीन रोज उलटापालटा होत नाही. तुमचं नाव, गाव किंवा महिन्याचा खर्च यात बघितला जात नाही. पुढच्या प्रयोगाचं नाव वेगळं असल्याने चिठ्ठ्याही नव्याने पडतात. जाऊबाईंना दरवेळी आधी मिळेल असं नाही.

मग लगेच का ठरवत नाही?

हे विचारणारे जास्त करून आमचेच लोक असतात. समजा, ॲप उघडणाऱ्या 100 जणांपैकी 10 जण ऑर्डर देतात आणि नव्या मांडणीमुळे 12 देतील असं वाटतं. हा फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटात साधारण 3,600 माणसं लागतात. फरक 10 वरून 11 एवढाच असेल, तर सुमारे 14,400. फरक निम्मा झाला की माणसं चौपट. मोठ्या कंपन्यांना एवढे लोक एका तासात मिळतात, आम्हाला आठवडे थांबावं लागतं.

थांबणं जिवावर येतं. तिसऱ्या दिवशी नवी मांडणी पुढे दिसते आणि कोणीतरी पेढे आणायला निघतो. पण साधं नाणं दहा वेळा उडवलं, तरी सात किंवा त्याहून जास्त छापे साधारण सहा खेपांत एकदा पडतातच, त्यात नाण्याची काही करामत नसते. म्हणून शेवटची तारीख आधी लिहून ठेवतो आणि ती येईपर्यंत निकाल लावत नाही. मुदत नेहमी पूर्ण आठवड्यांची धरतो. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी कोण ॲपवर मागवतं?

एकदा फसलो ते सांगतो. शोधायच्या चौकटीत 'वस्तू शोधा' च्या जागी अहिराणीत 'काय जोयजे?' लिहावं, असं निघालं. सगळ्यांना खात्री होती, हे चालणार. तारीख आली, फरक काहीच नाही. मन मानेना, म्हणून आकडे तालुकावार फाडले. धुळ्याकडे नवं पुढे, रावेर-यावलकडे मागे! कारणही तयार होतं: तिकडे लेवा गणबोली, अहिराणी परकी वाटणारच. गोष्ट छान होती. पण आकड्यांचे इतके तुकडे केले की नुसत्या योगायोगानेही कुठंतरी फरक दिसतो. फक्त त्या दोन तालुक्यांसाठी पुन्हा चाचणी लावली, आणि तो फरक नाहीसा झाला. 'काय जोयजे?' आम्ही तरीही ठेवलं. आकडा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तेव्हा आमच्या आवडीला वाव असतो.

डिलिव्हरीचे प्रयोग मात्र असे अर्धे-अर्धे होत नाहीत. अर्ध्या गावाला लवकर सामान द्यायचं ठरवलं, तर पोरं तीच आणि मोटरसायकलीही त्याच, उरलेल्यांना उशीर होणार. तिथं आम्ही अख्ख्या गावाला एक दिवस एक पद्धत, दुसऱ्या दिवशी दुसरी, असं आलटून पालटून बघतो.

कशावर प्रयोग करत नाही?

भावावर. एकाच गावात, एकाच वेळी, तीच तूरडाळ दोघींना दोन भावांत दिसणार नाही. ताईंनी पैशांचं विचारलं होतं, त्याचं हे उत्तर.

खोट्या घाईवरही नाही. 'फक्त दोनच पाकिटं उरली' असं लाल अक्षरांत लिहिलं, तर ऑर्डरी वाढतील हे आम्हालाही कळतं. प्रयोग तर त्यालाच विजयी ठरवेल! म्हणूनच नुसत्या ऑर्डरी मोजणं धोक्याचं. परत आलेलं सामान, तक्रारीचे फोन आणि महिन्याभराने ग्राहक पुन्हा आला का, हेही आम्ही सोबत बघतो. खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू अशा 13 फसव्या युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये यादी करून निषिद्ध ठरवल्या आहेत. यादी नसती तरी आपल्याकडे गिऱ्हाईक एकदा तुटलं की नात्यागोत्यासकट तुटतं.

तुमच्या मनाशी खेळणंही नाही. फेसबुकने जानेवारी 2012 मध्ये आठवडाभर 6,89,003 लोकांच्या पानावर आनंदाचे किंवा दुःखाचे मजकूर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. 2014 मध्ये ते छापून आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि आमच्या मते तो रास्तच होता.

त्या बटणाचं काय झालं?

ऑर्डर लवकर व्हायला लागली, हे खरं. पण सामान परत येण्याचं प्रमाणही वाढलं. मागच्या वेळी पाहुण्यांसाठी पाच किलो साखर मागवलेली असायची, ती पुन्हा दारात. म्हणून बटण बदललं. आता मागची यादी उघडते, हवं त्यावर खूण करायची, नको ते सोडायचं. ही मांडणी दुसऱ्या चाचणीत टिकली आणि आता सगळ्यांच्या फोनात आहे, ताईंच्याही.

चाचण्यांत राहायचं नसेल, तर ॲपमध्ये 'माझं खातं' उघडा, 'सेटिंग' मध्ये जा आणि 'चाचण्या' बंद करा. भाव, सवलत, डिलिव्हरी यांत काही फरक पडणार नाही, नवी मांडणी तेवढी सगळ्यांबरोबर दिसेल. आणि फोन केलात, तर तुमच्या फोनवर कुठली चाचणी चालू आहे ते बघून सांगायला त्या पोराला आम्ही शिकवलं आहे. 'अपडेट करा' म्हणाला, तर मालकाला फोन द्यायला सांगा.