इमेज व्ह्यूअरमधला फाइल टाइपचा फिल्टर आला कुठून

बऱ्याच इमेज व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एक यादी असते, जेपीजी, पीएनजी, टिफ, वेबपी वगैरे नावं आणि प्रत्येकापुढे टिक करायचा चौकोन. टिक काढली की त्या प्रकारच्या फाइली फोल्डरमध्ये असूनही दिसत नाहीत, बाण दाबत पुढे जाताना व्ह्यूअर त्यांना सरळ टांग मारून जातो. दिसायला अगदी किरकोळ सोय आहे. पण गंमत अशी की ही यादी मुळात वेगळ्याच कामासाठी आली होती, जे आपल्याला उघडता येत नाही ते लपवायला, आणि आज आपण तिच्याकडून नेमकं उलटं काम करून घेतो, म्हणजे जे उघडतं पण नको असतं ते लपवायचं. यंत्रणा जुनीच, काम बदललं, आणि बहुतेक कटकटी तिथूनच येतात.

सुरुवात होते फाइलच्या नावापासून. गॅरी किल्डालने सत्तरच्या दशकात सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली त्यात फाइलचं नाव आठ अक्षरी आणि त्यापुढे तीन अक्षरांचं एक्स्टेंशन अशी पद्धत होती (ही कल्पना त्याने डेक ह्या संगणक कंपनीच्या मोठ्या मशिन्सवरून उचलली), मग १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉसने तेच पुढे चालवलं. डिरेक्टरीतली, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या यादीतली, एक नोंद ३२ बाईटची, त्यात आठ बाईट नावाला, तीन एक्स्टेंशनला, मधला टिंब साठवतच नव्हते. आता फ्लॉपीवरच्या फोल्डरमध्ये चित्रं कोणती हे शोधायचंय तर डिरेक्टरी वाचली की नावं फुकटात हातात येतात, पण फाइलच्या आत काय आहे हे बघायचं म्हटलं तर प्रत्येक फाइल एकेक करून उघडायला हवी, आणि फ्लॉपीवर ते किती हळू होतं हे ज्यांनी वापरलीय त्यांना सांगायला नको. म्हणून स्टार टिंब बीएमपी असा पॅटर्न (स्टार म्हणजे कुठलंही नाव) देऊन फक्त नाव जुळवायचं, हा शहाणपणाचाच निर्णय होता. आळशीपणा नव्हता तो.

युनिक्स ह्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी मात्र एक्स्टेंशनला कधी फार भाव दिला नाही. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीतच त्यांच्याकडे फाइल नावाची कमांड होती जी आतले पहिले काही बाईट वाचून सांगते की हे काय आहे, त्या ओळखीच्या बाईटना मॅजिक नंबर म्हणतात. ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तिसराच रस्ता धरला. प्रत्येक फाइलसोबत सिस्टिमच चार अक्षरांचा टाइप आणि चार अक्षरांचा क्रिएटर असे दोन कोड ठेवायची, नाव काहीही असो. तिथल्या फाइल उघडायच्या खिडकीला प्रोग्रॅम आपल्याला चालणाऱ्या टाइपची यादी द्यायचा, आणि ती यादी मुळात चारच जागांची होती! त्या काळात चार प्रकार पुरेसे वाटत होते ह्यावरूनच कळतं चित्रांची दुनिया किती छोटी होती. पद्धत तशी देखणी होती पण फाइल डॉसच्या डिस्कवर किंवा नेटवर गेली की ते कोड गळून पडायचे आणि परत आलेली फाइल मॅकलाच ओळखू यायची नाही. शेवटी ॲपललाही एक्स्टेंशनकडे वळावं लागलं.

आणि जिंकलं नावच. १९९२ मध्ये विंडोज ३.१ ने फाइल उघडायची एक सामायिक खिडकी सगळ्या प्रोग्रॅमना दिली, तिच्यात खाली ती ओळखीची पट्टी, चित्रं निवडा नाहीतर सगळ्या फाइली निवडा. आतमध्ये प्रोग्रॅमरने फक्त जोड्या द्यायच्या, एक दाखवायचं नाव आणि एक पॅटर्न, अनेक एक्स्टेंशन असतील तर मध्ये अर्धविराम. मला तर वाटतं आजच्या व्ह्यूअरमधल्या टिकमार्कच्या यादीची खरी आजी हीच, कारण पुढे नव्वदच्या दशकात एसीडीसी (१९९४), इरफानव्ह्यू (१९९६), एक्सएनव्ह्यू असे जे व्ह्यूअर आले ते ह्याच सवयीत वाढले, फोल्डर वाचा, एक्स्टेंशन बघा, आपल्या यादीत असेल तर दाखवा.

पण नावाच्या भरवशावर राहिलं की काय होतं बघा. जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं, डॉसमध्ये तीनच अक्षरं बसतात म्हणून जेपीजी, इतरत्र चार अक्षरं चालतात म्हणून जेपीईजी, शिवाय जेपीई आणि जेएफआयएफ. एकाच गोष्टीची चार नावं आणि यादीत एखादं राहिलं की त्या फाइली गायब. टिफचंही तसंच, एक एफ की दोन. त्यात विंडोजची एक खोड अशी की लांब नावाच्या फाइलला आतून जुन्या पद्धतीचं छोटं नावही मिळू शकतं आणि पॅटर्न दोन्ही नावांशी जुळवला जातो, त्यामुळे एक एफवाला पॅटर्न दिला तरी दोन एफवाल्या फाइली येतात, आणि लोकांना वाटतं आपला फिल्टर छान चालतोय. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की तिथे अक्षर लहान की मोठं ह्यानेसुद्धा फरक पडतो, कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरात लिहिलेलं जेपीजी पॅटर्नमधल्या छोट्या जेपीजीशी जुळत नाही आणि अख्खं कार्ड रिकामं दिसतं. विंडोज १० च्या काळात तर ब्राउझरमधून सेव्ह केलेलं चित्र अचानक जेएफआयएफ म्हणून उतरायला लागलं, कारण रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, एका नोंदीत जेपेगपुढे तेच एक्स्टेंशन लिहिलेलं होतं. आतला मजकूर तोच, नाव वेगळं, आणि अनेक प्रोग्रॅम म्हणे हे चित्रच नाही.

मग लोक म्हणतात आत बघून का नाही ठरवत? बघतात की. जिफची सुरुवात जिफ८७ए किंवा जिफ८९ए अशा सहा अक्षरांनी होते, बीएमपीची बी आणि एम ह्या दोन अक्षरांनी, जेपेगची एफएफ डी८ ह्या दोन बाईटनी. ह्या सुरुवातीच्या बाईटनाच सही म्हणतात. सगळ्यात विचार करून केलेली सही पीएनजीची, १९९६ मधली, आठ बाईटची. पहिला बाईट मुद्दाम सात बिटांत न मावणारा, म्हणजे जुन्या सात बिटांच्या लाइनवरून येताना आठवा बिट कापला गेला तर लगेच कळतं, मग पीएनजी ही तीन अक्षरं माणसाला वाचता यावीत म्हणून, मग ओळ संपल्याच्या दोन्ही खुणा, कारण फाइल टेक्स्ट समजून कुणी पाठवली तर त्याच खुणा आधी बिघडतात, आणि मध्ये एक असा बाईट की डॉसमध्ये कुणी ती फाइल स्क्रीनवर छापायला गेलं तर तिथेच थांबावं. आठ बाईटमध्ये एवढा विचार! इरफानव्ह्यू जेव्हा सांगतो की ह्या फाइलचं एक्स्टेंशन चुकीचं आहे, आत जेपेग आहे, नाव बदलू का, तेव्हा तो अशाच सह्या वाचत असतो.

तरी आत बघूनही सगळं सुटत नाही, आणि हा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, ॲडोबीची २००४ मधली डीएनजी, ह्या सगळ्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कच्चा डेटा, आतून टिफच्याच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत, पहिले चार बाईट बघून कुणीही त्यांना टिफच म्हणेल. काही साधे व्ह्यूअर म्हणतातही, आणि मग २४ मेगापिक्सेलच्या फोटोऐवजी आतलं टिकलीएवढं प्रिव्ह्यू दाखवून मोकळे होतात. वेबपीची पहिली चार अक्षरं आरआयएफएफ, जी वेव्ह आवाजाच्या फाइलीचीही आहेत. आयफोनने २०१७ पासून धरलेलं एचईआयसी आणि नंतरचं एव्हीआयएफ तर एमपी४ व्हिडिओच्याच डब्यात येतात, नेमकं काय आहे ते आठ बाईट सोडून पुढे लिहिलेलं असतं. म्हणून चांगले व्ह्यूअर आधी नाव बघून फाइल यादीत घेतात आणि उघडताना सही तपासतात.

ह्या भांडणात मधला मार्ग ईमेलवाल्यांकडून आला. १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड ह्यांनी माइमचे टाइप, म्हणजे ईमेलमध्ये काय पाठवलंय हे सांगणारी नावं, मांडली, आधी मोठा गट आणि मग नेमका प्रकार, त्यामुळे इमेज स्लॅश स्टार एवढं म्हटलं की सगळी चित्रं आली, उद्या येणारा फॉरमॅटसुद्धा. १९९५ च्या आरएफसी १८६७ ह्या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात वेब फॉर्मच्या फाइल निवडीलाही तेच लावलं. लिनक्सच्या डेस्कटॉपनी ह्याचा सामायिक डेटाबेस केला, ॲपलने मॅकच्या २००५ च्या टायगर आवृत्तीत स्वतःची वंशावळीसारखी टाइपव्यवस्था आणली जिच्यात जेपेग हा इमेजचा पोटप्रकार. हे सोडून प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हाताने लिहिलेल्या एक्स्टेंशनच्या याद्या ठेवणं मला आजही कळत नाही, पण ठेवतात.

आता काम उलटं कधी झालं तर कॅमेऱ्यांमुळे. आजचे व्ह्यूअर भरमसाट उघडतात, एक्सएनव्ह्यू ५०० हून जास्त फॉरमॅट वाचतो, त्यामुळे उघडत नाही म्हणून लपव हा प्रश्नच उरला नाही. उलट रॉ अधिक जेपेग असा मोड लावला की कॅमेरा प्रत्येक क्लिकला एकाच नंबरच्या दोन फाइली लिहितो (डीसीआयएम फोल्डर आणि आठ अक्षरी नावांचा नियम १९९८ च्या डीसीएफ ह्या कॅमेऱ्यांच्या स्टँडर्डमधला), आणि व्ह्यूअरमध्ये प्रत्येक फोटो दोनदा येतो. आयफोनच्या लाइव्ह फोटोसोबत एक एमओव्ही व्हिडिओ, एडिट केला तर त्या बदलांची नोंद ठेवणारी एएई. मॅकला जोडलेल्या कार्डावर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइली, ज्यांचं एक्स्टेंशन जेपीजी पण आत चित्र नाहीच, दुसऱ्या मशिनवर त्या उघडल्या की एरर. अँड्रॉइडवाल्यांनी तर टाइप सोडून फोल्डरच लपवायची सोय केली, टिंब नोमीडिया नावाची रिकामी फाइल टाकली की गॅलरी तिकडे फिरकत नाही.

आणि इथे जुनी यादी अपुरी पडते. जेपीजीची टिक काढली तर जोडीतले जेपेग जातात हे खरं, पण फोनवरून आलेले, ज्यांना रॉ नाहीच, तेही जातात. माणसाला हवं असतं ते असं की त्याच नंबरची एनईएफ असेल तरच जेपेग लपव, आणि हे स्टार टिंब जेपीजी ह्या भाषेत लिहिताच येत नाही कारण ती एका वेळी एकच नाव बघते. म्हणून काही प्रोग्रॅमनी जोड्या एकत्र रचून एकच थंबनेल दाखवायचं वेगळं बटण दिलं, ते टाइपच्या यादीपासून लांब दुसऱ्याच टॅबमध्ये असतं, आणि दोन्ही एकदम चालू असले की कुठली फाइल कुणी लपवली हे शोधत बसावं लागतं.